डाव्या हाताची पकड अर्धी उरल्यावर चेनसॉ कसे निवडावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडी परिसरात तुम्ही १७ वर्षे झाडे पाडण्याची आणि आंबा-फणसाच्या बागा छाटण्याची कंत्राटे घेत आला आहात. १४ महिन्यांपूर्वी फणसावरून पडल्यावर डाव्या खांद्याच्या तुटलेल्या कंडरांची शस्त्रक्रिया झाली आणि कोपराजवळचा मज्जातंतू दुखावल्यामुळे डाव्या हाताची करंगळी व अनामिका अर्धवट बधिर राहिली. फिजिओथेरपिस्टने मोजलेली डाव्या हाताची पकड उजव्या हाताच्या निम्म्याहून कमी भरली, आणि हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी हलक्या कामाची परवानगी दिली आहे. तुमच्याजवळ ७२ सीसीचे २५ इंची बारचे (बार म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) आणि ४५ सीसीचे १८ इंची बारचे अशी दोन मशीन आहेत, ती आता पेलवत नाहीत. त्यांच्या जागी दोन हलके चेनसॉ घ्यावेत आणि त्यांतला एक टॉप हँडल, म्हणजे वर मूठ असलेला, उजव्या हाताने एकट्याने चालवता येईल असा असावा, असा तुमचा विचार आहे.

टॉप हँडल घेऊ नका. बाकीचे उत्तर सविस्तर देतो, परंतु एवढे एक वाक्य आधी वाचून दुकानात जाणे थांबवावे, अशी विनंती आहे. २०१६ साली माझ्या डाव्या खांद्याला दुखापत झाली, तेव्हा मीही हाच विचार करून टॉप हँडल मशीन आणले होते. दुसऱ्याच आठवड्यात बारचे टोक शेजारच्या फांदीला लागले, मशीन उसळले आणि साखळी हेल्मेटच्या काठाला घासून गेली. मी शुद्धीवर होतो, मशीनही ठणठणीत होते. चूक एवढीच होती की दुखऱ्या हाताला आराम म्हणून मी ते एका हाताने धरले होते. टॉप हँडलची घडण झाडावर दोरात लटकून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी असते आणि त्याच्यासाठीसुद्धा नियम दोन हातांचाच असतो. त्याच्या दोन मुठींमधले अंतर कमी असल्यामुळे उसळी रोखण्यासाठी हाताला मिळणारी तरफ तोकडी पडते, आणि बार चेहऱ्याच्या व गळ्याच्या जवळ राहतो. ज्याची पकड कमी झाली आहे त्याला लांब अंतरावर दोन मुठी असलेले, म्हणजे नेहमीच्या मागच्या मुठीचे मशीनच अधिक सुरक्षित असते. मशीन अंगाने मोठे दिसते म्हणून ते टाळावे, असे करू नका.

आता मुळाशी जाऊ. चेनसॉ विकणारे आणि घेणारे दोघेही उजव्या हाताचा विचार करतात, कारण ट्रिगर तिथे असतो. प्रत्यक्षात मशीन डाव्या हातात असते. पुढची मूठ डावा हात धरतो, मशीनचे बहुतेक वजन तोच तोलतो, बारच्या टोकाच्या वरच्या पावभागाला काही लागून मशीन मागे उसळते तेव्हा कोपर सरळ ठेवून तोच ती उसळी अडवतो, आणि चेन-ब्रेकची, म्हणजे साखळी तत्काळ थांबवणाऱ्या ब्रेकची, पुढची ढालही त्याच्याच मनगटाने पुढे ढकलली जाते. अंगठा मुठीखालून पूर्ण वळलेला असेल तरच हे जमते. तुमच्या दुखापतीत नेमकी इथे अडचण आहे. कोपरामागून जाणारा तो मज्जातंतू करंगळी-अनामिकेला बळ देतो, आणि मूठ घट्ट आवळण्याचे बरेचसे बळ याच दोन बोटांतून येते. अंगठा तळहाताकडे दाबणारा स्नायूही त्याच तंतूवर चालतो. म्हणून साधे काम करताना तुमचा हात ठीक वाटेल, आणि अचानक झटका आला की मूठ सुटेल. हात बदलून उजवा पुढे आणि डावा मागे घेण्याचा मोह होईल, तोही टाळावा. बार शरीराच्या उजव्या बाजूने जावा अशी सगळी मांडणी असते. हात बदलले की डोके बारच्या रेषेत येते आणि ब्रेकची ढाल ज्या मनगटासाठी बसवली आहे ते मनगट तिथे राहत नाही.

म्हणून माझ्या मते मशीनच्या आधी कामाची निवड करावी लागेल, आणि ती कटू आहे. झाडावर चढणे तुमच्यासाठी संपले. वर असताना दोन्ही हातांनी मशीन धरावे लागते, दुसरा दोर बांधावा लागतो, आणि काही बिनसले तर स्वतःच्या बळावर खाली यावे लागते. खांद्याच्या वर न जाणारा हात यांतले शेवटचे काम करू शकत नाही. मोठ्या बुंध्याचे झाड पाडणेही तुम्ही स्वतः करू नये, कारण शेवटच्या क्षणी मशीन सोडून बाजूच्या वाटेने निघावे लागते आणि त्या क्षणी हाताने दगा देऊन चालत नाही. खाच कुठे घ्यायची, बिजागरीचे लाकूड (झाड पडताना ज्यावर वळते तो न कापलेला पट्टा) किती जाड ठेवायचे, झाड कुठे झोपेल, हे ठरवणारे डोळे मात्र तुमचेच आहेत, आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे भाचा व दोन गडी हाताशी आहेत. तुमच्या वाट्याला राहते ते जमिनीवरचे, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीचे काम: पाडलेल्या झाडाच्या फांद्या काढणे, ओंडके करणे, आणि सघन लागवडीच्या आंब्याची छाटणी. हे शेवटचे काम कमी लेखू नका. कोकणात कमी अंतरावर लावलेल्या हापूसच्या बागा वाढल्या आहेत, त्यांची झाडे बुटकी ठेवावी लागतात, आणि जमिनीवर उभे राहून हळुवार छाटणी करणारा जाणता माणूस बागायतदाराला हवाच असतो.

या कामासाठी मी तुम्हाला दोन सारखे चेनसॉ सुचवणार नाही. एक छोटे बॅटरीचे छाटणी मशीन आणि एक मध्यम चेनसॉ घ्या, आणि त्यांच्या जोडीला एक चांगली वाकडी हातकरवत.

हातकरवतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याकडे कोणी पाहतच नाही. जपानी पद्धतीची, ओढताना कापणारी वाकडी करवत हे झाडकामातले एका हाताने निर्धोक वापरता येणारे जवळजवळ एकमेव कापण्याचे साधन आहे. मनगटाएवढ्या ओल्या फांदीला ती फार वेळ घेत नाही आणि कापही गुळगुळीत येतो. डाव्या हाताने फांदी नुसती टेकवून धरायची, तीही करवतीच्या वाटेपासून दूर. मी आजही आंब्याच्या बागेत निम्म्या फांद्या करवतीनेच काढतो.

छोटे बॅटरीचे छाटणी मशीन म्हणजे सुमारे ४ ते ६ इंची बारचे, बॅटरीसह साधारण दीड-दोन किलोंचे यंत्र. श्टिलचे जीटीए २६ हे यातले ठळक उदाहरण आहे, आणि इतरांचीही आता बरीच मिळतात. ते एका हाताच्या मुठीचे असते म्हणून विकणारे ते खेळण्यासारखे फिरवून दाखवतात. तरी दुसरा हात कुठे आहे याचे भान त्याच्याबाबत सर्वांत जास्त ठेवावे लागते. एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात फांदी धरली की साखळी दुसऱ्या हाताकडे घसरते. बधिर बोटांना ती लागल्याचे उशिरा कळेल, हे तुमच्या बाबतीतले जास्तीचे दुखणे आहे. यंत्राला दोन्ही हात लावूनच कापायचे, असा नियम करावा. अनोळखी नावाची, ऑनलाइन स्वस्तात मिळणारी यंत्रे घेऊ नका. त्यांतल्या अनेकांत ट्रिगर सोडल्यावर साखळी लगेच थांबत नाही आणि वर झाकणारी ढालही तकलादू असते.

मध्यम चेनसॉ निवडताना पहिला घोळ वजनाचा होतो. कॅटलॉगमधले वजन सहसा रिकाम्या मशीनचे असते. त्यात बार, साखळी, पेट्रोल आणि साखळीचे तेल धरलेले नसते. बॅटरीच्या मशीनमध्ये बॅटरीच धरलेली नसते. तुमचे ७२ सीसीचे मशीन कागदावर साडेसहा किलोंच्या घरातले असेल, पण २५ इंची बार लावून टाक्या भरल्या की ते ९ किलोंच्या आसपास जाते. ३० ते ३२ सीसीचे छोटे पेट्रोल मशीन कागदावर ४ किलो, तयार स्थितीत ५ किलोंच्या पुढे. बॅटरीच्या मध्यम मशीनचेही बॅटरी बसवल्यावर तेवढेच भरते, कारण ३६ व्होल्टची मोठी बॅटरी एकटीच दीड-पावणेदोन किलोंची असते. म्हणजे केवळ वजनासाठी बॅटरीकडे जात असाल तर पदरी निराशा येईल. दुकानात जाताना सामान तोलायचा हुकाचा काटा खिशात ठेवा आणि सगळे भरून, बार लावून, स्वतः तोला. त्यानंतर पुढच्या मुठीखाली दोन बोटे घालून मशीन टांगून पाहा. बारचे टोक किंचित खाली झुकले तर तोल बरा आहे. जोरात खाली गेले तर तेवढा पीळ दिवसभर तुमच्या मनगटाला सोसावा लागेल. बार १२ इंची घ्या, फार तर १४. लांब बारने वाकावे कमी लागते हे खरे आहे, पण टोक नजरेआड जाते आणि उसळीचा धोका टोकातच असतो.

दुसरी गोष्ट कंपनांची, आणि ती तुमच्यासाठी वजनाहून मोठी आहे. दुखावलेल्या मज्जातंतूला कंपने सोसत नाहीत, आणि निरोगी माणसाचीही बोटे वर्षानुवर्षांच्या कंपनांनी पांढरी व बधिर पडतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला पोहोचणाऱ्या कंपनांसाठी आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावधगिरीची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा धरली आहे. चांगल्या कंपन्या आपल्या पुस्तिकेत डाव्या आणि उजव्या मुठीचे आकडे वेगवेगळे देतात, ते वाचा. इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते: घरगुती वापराच्या हलक्या पेट्रोल मशीनमध्ये कंपने अनेकदा ६ ते ८ असतात, तर ५० सीसीच्या व्यावसायिक मशीनमध्ये ती साडेतीनच्या आसपास उतरतात, कारण तिथे मुठी स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. फरक लहान वाटतो, पण हिशेब वर्गाने चालतो, म्हणजे कंपने दुप्पट झाली की वेळ चौथा हिस्सा उरतो. कंपने ७ असतील तर सावधगिरीची पातळी प्रत्यक्ष कापण्याच्या सुमारे एका तासात गाठली जाते. साडेतीन असतील तर सुमारे चार तासांत. आणि हे हिशेब धडधाकट हातांसाठी आहेत. तुमच्या हातासाठी ते आणखी आखडते घ्यावे लागतील. म्हणून ‘सर्वांत हलके आणि सर्वांत स्वस्त’ पेट्रोल मशीन हा तुमच्यासाठी सर्वांत वाईट पर्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

बॅटरीच्या मशीनमध्ये कंपने सहसा कमी असतात, म्हणून बॅटरीचा कौल इथे लागतो, आणि तो आणखी पक्का होतो तो सुरू करण्याच्या पद्धतीमुळे. पेट्रोल मशीन जमिनीवर ठेवून, उजवा पाय मागच्या मुठीत घालून, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून उजव्याने दोरी ओढतो, तेव्हा सगळा झटका डाव्या मनगटातून खांद्यात जातो. छाटणीत दिवसातून कितीदा तरी मशीन बंद-चालू होते. स्प्रिंगच्या मदतीने हलकी दोरी असलेली मशीन मिळतात, त्यांनी फरक पडतो, पण बटण दाबण्याची बरोबरी होत नाही. हवेत मशीन लटकावून दोरी ओढण्याची सवय तुम्हालाही असेल. ती आता पूर्ण सोडा.

बॅटरीचेही रुसवे-फुगवे आहेत. आवाज नसल्यामुळे मशीन ‘बंद’ आहे असे वाटते आणि बोट लागताच साखळी पूर्ण वेगाने फिरते, म्हणून साखळी साफ करताना किंवा घट्ट करताना बॅटरी काढून खिशात ठेवावी. काही मशीनना पावसात वापरण्याची परवानगी नसते, आणि आपल्याकडची छाटणी आंबा उतरल्यावर, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर येते. हे दुकानदाराकडून लेखी विचारून घ्या. बॅटऱ्या किमान दोन लागतील. वायर लावून बॅटरी कमरेच्या पट्ट्यात ठेवण्याची सोय असलेले मॉडेल मिळाले तर ते घ्याच, कारण दीड किलो हातातून कमरेवर जाते. पाठीवरची मोठी बॅटरी मात्र नको. तिचा पट्टा शस्त्रक्रिया झालेल्या खांद्यावर येतो.

ब्रेकबद्दल दुकानात एक प्रश्न जरूर विचारा. सर्वसाधारण मशीनमध्ये ब्रेक ढालीला मनगट लागून किंवा उसळीच्या झटक्याने आपोआप लागतो. श्टिलच्या ‘क्विकस्टॉप प्लस’ या व्यवस्थेत मागची मूठ सुटली की साखळी थांबते. हुस्कवर्नाच्या ‘ट्रायोब्रेक’मध्ये उजव्या हातानेही ब्रेक लावता येतो. सगळ्या मॉडेलमध्ये आणि सगळ्या दुकानांत ही सोय मिळत नाही. तुमचे मनगट वेळेवर वळेलच याची खात्री नसल्यामुळे ती मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजावेत. नाहीच मिळाली, तर निदान हातमोजा घालून, डावी मूठ न सोडता, मनगटाने ढाल पुढे ढकलता येते का, हे बंद मशीनवर वीस वेळा करून पाहा. विसावी वेळ पहिल्याइतकी सहज नसेल तर ते मशीन तुमचे नाही. आणि डावा हात मुठीला पट्ट्याने किंवा चिंधीने बांधण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो ऐकू नका. बांधलेला हात मशीनबरोबरच जातो.

साखळी अरुंद कापाची घ्या: छोट्या मशीनला पाव इंच पिचची (पिच म्हणजे साखळीच्या रिव्हेटांमधले सरासरी अंतर), मध्यमला तीन-अष्टमांश इंचाची कमी उंचीची, जिला श्टिलवाले पिको म्हणतात. ती लाकूड कमी खाते, ताकद कमी मागते आणि उसळीही सौम्य देते. धार मात्र राखावी लागेल, कारण बोथट साखळी माणसाला दाबायला लावते आणि दाब द्यायला तुमच्याकडे हात नाही. पिकोला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दातापुढचा अडसर, जो दात किती खोल कापेल ते ठरवतो, दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवतात. लवकर कापावे म्हणून तो जास्त घासून टाकणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तसे केल्याने उसळी वाढते. कानस धरायलाही दोन हात लागतात, तेव्हा बार घट्ट धरणारा शिकंजा आणि कानशीची मार्गदर्शक पट्टी घ्या, किंवा तीन साखळ्या ठेवून धार भाच्याकडून लावून घ्या. माडाचे खोड आणि जांभ्याची धूळ बसलेली साल साखळी झपाट्याने बोथट करतात. त्या कामाला जुनी साखळी लावावी.

कापण्याची रीतही थोडी बदलावी लागेल. ओंडका घोडीवर घ्या, बारच्या मुळाशी असलेले लोखंडी दाते लाकडाला टेकवा आणि मशीनचे वजन लाकडावर सोडा. वरून खाली कापताना साखळी मशीनला लाकडाकडे ओढते, हाताला फक्त दिशा द्यायची असते. खालून वर कापताना उलटे होते, साखळी मशीनला अंगावर ढकलते आणि ते वजन डावा हात उचलतो. तो काप शक्यतो टाळून पाचर ठोकण्याची सवय लावा. ताणात वाकलेली फांदी तुम्ही कापू नये, ती गड्याला द्यावी.

उंच फांद्यांसाठी लांब दांड्याचा चेनसॉ घ्यावा का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण दुकानदार तो दाखवेलच. दांडा जितका लांब तितका डाव्या खांद्यावर पीळ जास्त. घ्यायचाच असेल तर उजव्या खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यासह, आणि आधी भाड्याने घेऊन पाहा. धातूच्या दांड्यातून वीज वाहते, आणि अशा यंत्रांच्या पुस्तिकांत वीजतारांपासून १५ मीटर अंतर सांगितलेले असते. कोकणातल्या कितीतरी बागांतून महावितरणच्या तारा गेल्या आहेत; तिथे प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय दांडा उभा करू नये.

पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी करा. मशीन नव्हे तर आधी हात तपासून घ्या: मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, तिथे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञाला मशीनचे वजन, मुठीची जाडी आणि कंपनांचा आकडा लिहून दाखवा, आणि किती वेळ सलग काम चालेल ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. मज्जातंतूच्या वेदनेवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हेही त्यांना विचारा. गोळी चालू असताना मशीन हातात घ्यायचे की नाही याचे उत्तर विक्रेत्याकडे नसते. दुसरे म्हणजे दुकानदाराकडे प्रात्यक्षिकाचे मशीन मागा आणि आपल्याच बागेत, आपल्याच लाकडावर, सकाळी नव्हे तर दुपारी, हात थकल्यानंतर चालवून पाहा. अर्ध्या तासाने अंगठा मुठीभोवतून आपोआप वर येऊ लागला, तर ते मशीन कितीही आवडले तरी परत करा.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा ठेवा: प्रथम साखळी अडवणाऱ्या धाग्यांची विजार, जी सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठी तपासलेली, म्हणजे पहिल्या वर्गाची असावी, मग जाळीचे हेल्मेट आणि कानावरची झाकणे, मग हातकरवत आणि छोटे छाटणी मशीन. त्यावर एक हंगाम काढा. मध्यम चेनसॉ त्यानंतर घ्या, कारण तोवर हात किती परत येतो ते कळलेले असेल. मज्जातंतू फार हळू भरतो, आणि १४ महिन्यांनंतरही काही सुधारणा होताना मी पाहिली आहे, तशीच ती थांबल्याचेही पाहिले आहे.

७२ सीसीचे जुने मशीन घाईने विकू नका. पाडकाम भाचा करणार असेल तर त्याला ते लागेल. मात्र त्यावरचा २५ इंची बार उतरवून १८ किंवा २० इंची लावा, ब्रेकची पट्टी बदलून घ्या, आणि टाकीतले पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्या पावसाळी हवेत पाणी ओढते आणि चौदा महिने पडून राहिलेल्या मशीनचा कार्बोरेटर बहुधा आधीच चिकटलेला असेल.